आनंदीबाई जोशी : दुःखातून घडलेली दृष्टी



एकच घटना सर्वांना सारखी दिसत नाही. पाहणाऱ्याचे अनुभव आणि भावना तिला अर्थ देतात. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्राच्या आधारे आपण हे समजून घेऊ.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. त्यांचे माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव विधुर होते आणि त्यांच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. पत्नीने शिकावे हा त्यांचा ध्यास होता. त्यापायी ते अतिशय कठोरही होत.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. त्या काळी अर्भकाचा मृत्यू दैवाचा भोग मानून सोसला जाई. आनंदीबाईंना मात्र त्यात योग्य उपचारांचा अभाव दिसला. पुरुष डॉक्टरांपुढे जाण्यास संकोचणाऱ्या असंख्य स्त्रियांची अवस्थाही त्यांच्या ध्यानी आली. खाजगी दुःख सामाजिक प्रश्न झाले ते असे.

फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील सेरामपूर येथे जाहीर भाषण करून त्यांनी हिंदुस्थानातील स्त्री डॉक्टरांची निकड मांडली. एप्रिलमध्ये त्या पतीविना अमेरिकेस निघाल्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. या निवडीमागे ते दहा दिवस असावेत, असे वाटल्यावाचून राहत नाही. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभागासाठी त्यांची नियुक्ती झाली होती. परंतु क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

भावना दृष्टी देते, तशी ती दृष्टी झाकूही शकते. गोपाळरावांमध्ये एका वाचकाला द्रष्टा सुधारक दिसतो, तर दुसऱ्याला जुलमी पती. दोघांनाही आधार आहे. मात्र प्रत्येकजण आपल्या अनुभवाला जवळची बाजूच आधी पाहतो. आपणही संसार, नोकरी सांभाळून शिकत आहात. म्हणून हे चरित्र आपल्याला अधिक भिडेल, आणि म्हणूनच अधिक सावधपणे वाचावे लागेल.

स्वयंअध्ययन : वहीच्या एका बाजूस चरित्रातील घटना लिहा, दुसऱ्या बाजूस ती वाचताना आपल्याला काय वाटले ते लिहा. मग दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाचून पाहा.