रेव्हरंड नारायण वामन टिळक

कोंकणांत करजगांव नांवाचें एक खेडें आहे. तेथें सन १८६१ मध्यें एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबांत नारायण वामन टिळक यांचा जन्म झाला. पुढें नाशिक येथें त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें व कवि म्हणून लौकिक मिळविला. सन १८९३ मध्यें आगगाडीच्या प्रवासांत एका युरोपियन गृहस्थानें त्यांच्या हातीं नवा करार दिला. त्यांतील डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन वेधून घेतलें, आणि ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबई येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

या निश्चयाचें मोल थोडें नव्हतें. आप्तेष्ट दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई यांनाहि कांहीं वर्षें पतीपासून दूर राहावें लागलें. अखेर त्या परत आल्या, आणि १९०० सालीं त्यांनींहि स्वतः विचार करून ख्रिस्ताचा स्वीकार केला. त्या दुःखाच्या दिवसांची हकीकत त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत मोकळ्या मनानें लिहिली आहे.

टिळक अहमदनगरास अमेरिकन मिशनच्या कार्यांत असतां एक गोष्ट त्यांच्या मनास टोंचूं लागली. उपासनेंतील पुष्कळ गीतें इंग्रजीवरून उतरविलेलीं व इंग्रजी चालींवर बसविलेलीं असत. ज्यांच्या ओठीं लहानपणापासून अभंग आणि ओंव्या खेळल्या, त्यांना हीं गीतें आपलीं कशीं वाटावीं? कृष्णा रत्नाजी सांगळे यांनीं देशी वळणाचीं पदें पूर्वींच रचिलीं होतीं. टिळकांनीं तो मार्ग प्रशस्त केला. तुकारामांच्या वाटेनेंच आपण ख्रिस्ताजवळ आलों, असें ते मानीत. म्हणून त्यांनीं अभंग, पदें व कीर्तन हीं ख्रिस्ताच्या सेवेस लाविलीं. टाळांच्या नादांत एकानें पद आरंभावें व सर्वांनीं ध्रुपद धरावें. मग म्हातारीहि गाते, मूलहि गातें, आणि निरक्षरासहि ग्रंथावांचून प्रभूची स्तुति करितां येते.

सन १९१२ पासून त्यांनीं ‘ज्ञानोदय’ पत्राची मराठी बाजू संपादिली. सन १९१७ मध्यें त्यांनीं मिशनची नोकरी सोडली. नियमित वेतनाचा आधार गेला, तरी न डगमगतां त्यांनीं सातारा येथें ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथें बंधुभावानें एकत्र यावेत, ही त्यांची आकांक्षा होती. परंतु ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबई येथें त्यांचा देहांत झाला. ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य अपुरें राहिलें. तें लक्ष्मीबाईंनीं पुढें चालविलें.

दरबार त्यांच्या मागें फार काळ टिकला नाहीं. त्यांचीं पदें मात्र मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आजहि गाइलीं जातात. विद्यार्थिमित्रहो, रविवारीं तीं गातांना शेजारच्याचा सूर चुकला तर हंसूं नका. आपला सूर त्याच्या सुरांत मिळवा. सर्वांनीं मिळून गावें, एवढ्याचसाठीं या कवीनें तीं पदें रचिलीं.