हिरवळीचा राखणदार

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज नावाचे एक जुने नगर आहे. एका बाजूस प्राचीन कॅथीड्रलचे भग्न अवशेष, दुसऱ्या बाजूस उत्तर समुद्र आणि समुद्राला लागून वाळूच्या उंचवट्यांतून पसरलेले गवताळ मैदान, असा त्या नगराचा देखावा आहे. या मैदानावर शेकडो वर्षांपासून गोल्फचा खेळ चालत आला आहे. लांब काठीने लहानसा टणक चेंडू टोलवीत न्यावयाचा आणि दूरवर जमिनीत केलेल्या खळग्यात पाडावयाचा, अशी या खेळाची रीत आहे. सर्व खळगे पुरे करण्यास ज्याला सर्वांत कमी फटके लागतील, तो विजयी ठरतो. या खेळाच्या इतिहासात ज्याचे नाव आदराने घेतले जाते, त्या टॉम मॉरिसचा जन्म याच नगरात १६ जून १८२१ रोजी झाला.

टॉमचे वडील हातमागावर कापड विणून संसार चालवीत. घरची स्थिती बेताची होती. खरा चेंडू विकत घेणे गरिबांच्या मुलांना शक्य नव्हते. मग ही मुले बाटल्यांची बुचे गोळा करीत, त्यांत खिळे ठोकून ती जड करीत आणि हाताने घडविलेल्या काठ्यांनी गावच्या रस्त्यांतून टोलवीत हिंडत. टॉमचा खेळ असा रस्त्यावरच सुरू झाला.

वयाच्या चौदाव्या वर्षी टॉम ॲलन रॉबर्टसन याच्याकडे उमेदवारीस राहिला. रॉबर्टसन हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू होता. चेंडू तयार करून विकणे हा त्याच्या घरचा धंदा होता. हे काम मोठे कष्टाचे असे. बैलाच्या कातड्याचे तुकडे शिवून लहान पिशवी करावयाची आणि उकळून मऊ केलेली हंसांची पिसे तिच्यात ठासून भरावयाची. टोपीभर पिसे एका चेंडूत जात. पिशवीचे तोंड शिवल्यावर कातडे वाळताना आकसे, आतली पिसे वाळताना फुगत, आणि चेंडू दगडासारखा कठीण होई. कुशल कारागिराच्या हातूनही दिवसाकाठी तीन-चारच चेंडू होत. त्यामुळे चेंडू फार महाग पडे. पावसात भिजला म्हणजे तो फाटून निकामी होई. हे काम टॉम अनेक वर्षे निष्ठेने करीत राहिला. त्याचबरोबर तो आपल्या गुरूच्या जोडीने खेळू लागला. गुरुशिष्यांची ही जोडी अजिंक्य म्हणून सर्वत्र प्रसिद्ध झाली.

तथापि १८४८ च्या सुमारास एक नवा चेंडू आला, आणि या जोडीवर त्याचे सावट पडले. मलायातील एका झाडाचा चीक वाळवून गटापर्चा नावाचा पदार्थ मिळतो. तो गरम पाण्यात मऊ होतो व थंड झाल्यावर टणक बनतो. त्याचा चेंडू स्वस्त पडे, पाण्याने बिघडत नसे आणि तडा गेला तर पुन्हा तापवून वळता येई. रॉबर्टसनला मात्र या चेंडूत आपल्या धंद्याचा नाश दिसू लागला. आपल्याकडील कोणीही त्या चेंडूने खेळू नये, अशी त्याची सक्त ताकीद होती. एके दिवशी खेळता खेळता टॉमजवळचे चेंडू संपले. सोबतच्या खेळाडूने त्याला गटापर्चाचा चेंडू दिला आणि टॉमने त्यानेच खेळ पुढे चालविला. ही वार्ता रॉबर्टसनच्या कानी गेली. दोघांत कडाक्याचे भांडण झाले आणि टॉम गुरूच्या दुकानातून बाहेर पडला. पुढे काही काळाने रॉबर्टसननेही नवा चेंडू पत्करला. परंतु दुकानातील जुनी सोबत कायमची सुटली. टॉमने मात्र गुरूविषयीचा आदर कधी सोडला नाही.

याच सुमारास टॉमवर घरचाही आघात झाला. १८५० साली त्याचा बालवयाचा पहिला मुलगा मरण पावला. पुढील वर्षी एप्रिल महिन्यात दुसरा मुलगा झाला. पतिपत्नींनी त्याचेही नाव टॉम असेच ठेवले.

त्याच वर्षी, म्हणजे १८५१ साली, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रेस्टविक येथे नवे गोल्फ मंडळ स्थापन झाले. कर्नल फेअर्ली नावाच्या गृहस्थाने टॉमला तेथे मैदानाचा राखणदार म्हणून नेले. तान्ह्या मुलाला घेऊन हे कुटुंब नव्या गावी आले. समोर वाळूच्या टेकड्यांनी भरलेली ओबडधोबड जमीन होती. टॉमने तिची पाहणी केली, चढउतारांचा उपयोग करून घेतला आणि त्या जमिनीवर बारा खळग्यांचे उत्तम मैदान सिद्ध केले.

१८५९ साली रॉबर्टसनचे निधन झाले. आता देशातील सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, असा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला. त्याचा निर्णय करण्यासाठी प्रेस्टविकच्या मंडळाने १८६० साली धंदेवाईक खेळाडूंची स्पर्धा भरविली. आज ओपन या नावाने जगप्रसिद्ध असलेली स्पर्धा ती हीच. बारा खळग्यांचे मैदान एका दिवसात तीन वेळा खेळावयाचे होते. विजेत्यासाठी तांबड्या कातड्याचा, चांदीने मढविलेला एक सुंदर कमरपट्टा ठेवलेला होता. हा पट्टा विजेत्याजवळ वर्षभर राहावयाचा. मात्र लागोपाठ तीन वर्षे जो जिंकेल, त्याच्या मालकीचा तो कायमचा व्हावयाचा, असा नियम होता.

पहिल्या वर्षी मसलबरो गावच्या विली पार्कने टॉमला दोन फटक्यांनी मागे टाकले. मैदान टॉमच्या हातचे, परंतु विजय दुसऱ्याचा झाला. टॉम खचला नाही. पुढील वर्षी त्याने पार्कवर चार फटक्यांनी मात केली आणि पट्टा मिळविला.

नंतर ११ सप्टेंबर १८६२ चा दिवस उजाडला. टॉम त्या वेळी एक्केचाळीस वर्षांचा होता. प्रत्येक टेकडी, प्रत्येक वाळूचा खड्डा आणि वाऱ्याची प्रत्येक लहर त्याच्या ओळखीची होती. पार्क हा धाडसी खेळाडू. अवघड जागेवरूनही लांब फटका मारून तो प्रेक्षकांना चकित करी. टॉमची पद्धत निराळी होती. तो शांतपणे, मोजूनमापून खेळे आणि जेथून पुढचा फटका सोपा जाईल तेथेच चेंडू टाकी. छत्तीस खळगे संपले तेव्हा टॉमचे १६३ फटके झाले होते. दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या पार्कला १७६ फटके लागले. तेरा फटक्यांचे हे अंतर पाहून गोल्फचे जाणकार थक्क झाले. गोल्फच्या प्रमुख स्पर्धांत एवढ्या मोठ्या फरकाने विजय मिळविणे त्यानंतर १३८ वर्षे कोणासही साधले नाही. अखेर २००० साली अमेरिकेच्या टायगर वुड्सने आपल्या देशाची राष्ट्रीय स्पर्धा पंधरा फटक्यांनी जिंकून हा विक्रम मोडला.

लागोपाठ दोन विजय झाले होते. तिसरा मिळाला असता तर पट्टा कायमचा टॉमच्या घरी आला असता. परंतु १८६३ साली पार्कने त्याला पुन्हा दोनच फटक्यांनी हरविले. ज्याने आदल्या वर्षी प्रतिस्पर्ध्याला तेरा फटक्यांनी मागे टाकले, त्याचाच हातातोंडाशी आलेला घास दोन फटक्यांनी गेला. टॉमने पराभव मुकाट्याने पत्करला आणि तो पुन्हा मैदानाच्या निगराणीस लागला. पुढे १८६४ व १८६७ साली तो विजयी झाला. १८६७ साली त्याचे वय सेहेचाळीस वर्षांचे होते. एवढ्या वयाचा विजेता या स्पर्धेत त्यानंतर कोणी झालेला नाही.

जो पट्टा बापाला कायमचा मिळाला नाही, तो मुलाने मिळविला. धाकटा टॉम प्रेस्टविकच्या हिरवळीवरच वाढला होता. १८६८ साली सतरा वर्षांच्या या मुलाने स्पर्धा जिंकली. दुसरा आला तो त्याचा बाप. १८६९ सालीही तोच जिंकला. १८७० साली तर त्याने १४९ फटक्यांत खेळ पुरा करून इतरांना बारा फटक्यांनी मागे टाकले. पित्याच्या विक्रमापासून पुत्र एका फटक्याने दूर राहिला. परंतु तीन विजय पुरे झाले आणि पट्टा घरी आला. बक्षीसच उरले नाही म्हणून १८७१ साली स्पर्धा भरली नाही. १८७२ साली ती पुन्हा सुरू झाली तेव्हाही धाकटा टॉमच जिंकला. नव्या रुपेरी चषकावर पहिले नाव कोरले गेले ते त्याचेच.

दरम्यान थोरला टॉम मैदानाचा राखणदार म्हणून आपल्या जन्मगावी परतला होता. सेंट अँड्र्यूजचे मैदान त्या वेळी दुर्दशेत होते. काटेरी झुडपांनी वाटा अडविल्या होत्या आणि खळग्यांभोवतालची हिरवळ झिजून गेली होती. टॉमने झुडपे काढून वाटा रुंद केल्या. पहिल्या व अठराव्या खळग्यांसाठी त्याने नव्या हिरवळी तयार केल्या. गवतावर वाळूचा पातळ थर पसरला तर ते दाट व सतेज होते, हे त्याने अनुभवाने ओळखले होते. प्रेस्टविकला असताना चुकून वाळूची ढकलगाडी हिरवळीवर कलंडली आणि त्यावरून त्याला हे ज्ञान झाले, अशी आख्यायिका आहे. पुढे आयुष्यभर तो वाळू पसरीत राहिला. रविवारी मैदानावर खेळ होऊ नये, असा त्याचा कटाक्ष होता. माणसाप्रमाणे गवतालाही विसावा हवा, ही त्यामागील दृष्टी होती. आजही तेथील जुने मैदान सामान्यतः रविवारी खेळासाठी बंद असते.

सप्टेंबर १८७५ मध्ये या कर्तृत्ववान कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळला. पितापुत्र नॉर्थ बेरिक येथे विली पार्क व त्याचा भाऊ मंगो पार्क यांच्याशी सामना खेळत होते. सामना संपत आला असता घरून तार आली. धाकट्या टॉमची पत्नी प्रसूतिवेदनांनी अत्यवस्थ होती. सामना आटोपताच एका गृहस्थाने आपले शिडाचे जहाज देऊ केले आणि पितापुत्र खाडी ओलांडून घराकडे निघाले. घरी पोहोचले तेव्हा माता व नवजात बालक दोघेही गतप्राण झाली होती. या धक्क्यातून धाकटा टॉम सावरला नाही. त्याच वर्षी २५ डिसेंबरला, नाताळच्या दिवशी, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. पुढील वर्षी थोरल्या टॉमची पत्नीही गेली.

एखादा मनुष्य अशा प्रसंगी कोसळून गेला असता. टॉमने कामाचा आधार घेतला. रोज सकाळी तो समुद्रात स्नान करी, मग थंडीवाऱ्याची पर्वा न करता मैदानावर जाई आणि झिजलेल्या गवताची, उकरल्या गेलेल्या मातीची काळजी घेई. ज्या वाटांनी मुलगा खेळत गेला होता, त्या वाटांची निगा राखणे हाच त्याच्या दुःखावरचा उपाय ठरला. दूरदूरच्या गावांहून त्याला बोलावणी येत. मुइरफील्ड, डॉर्नॉक, आयर्लंडमधील काउंटी डाउन अशा अनेक ठिकाणच्या मैदानांची आखणी त्याने केली. अंगात शक्ती होती तोवर तो स्पर्धेतही उतरत असे. १८९५ साली शेवटचा उतरला तेव्हा तो पंचाहत्तरीकडे झुकला होता. विजयाची आशा केव्हाच मावळली होती. खेळावरची प्रीती मात्र उरली होती.

१९०३ साली त्याने राखणदारीचे काम सोडले. आपल्या सर्व अपत्यांचे मृत्यू त्याला पाहावे लागले. अठराव्या खळग्याजवळच्या आपल्या दुकानातून समोरची हिरवळ पाहत तो वार्धक्याचे दिवस काढी. मे १९०८ मध्ये जिन्यावरून पडून त्याचा अंत झाला. त्या वेळी तो शहाऐंशी वर्षांचा होता. कॅथीड्रलच्या आवारात, जेथे साठ गोल्फ मंडळांनी धाकट्या टॉमचे स्मारक उभारले आहे, तेथेच पित्यालाही विश्रांतिस्थान मिळाले.

तेरा फटक्यांचा तो विजय एका दिवसात मिळाला होता. विक्रम हे मोडण्यासाठीच असतात. तोही मोडला गेला. परंतु जी जमीन टॉमने आयुष्यभर राखली, ती आजही हिरवी आहे. सेंट अँड्र्यूजच्या अठराव्या खळग्यास त्याचेच नाव आहे. जगातील मोठमोठे खेळाडू आपला खेळ संपविताना त्याच हिरवळीवर येऊन उभे राहतात.