गोनीदा कोण होते? उतारवयातही तरुणांसोबत गड चढणारा लेखक

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून कर्जत लोकल पकडून राजमाचीला निघालात? मग गोपाळ नीलकंठ दांडेकर माहीत हवेत.

जन्म ८ जुलै १९१६, परतवाडा. वयाच्या १३व्या वर्षी स्वातंत्र्यलढ्यासाठी घर सोडलं, शाळा कायमची सुटली. पुढे गाडगेबाबांचा सहवास, नर्मदा परिक्रमा आणि मग तळेगाव दाभाडे. खरं शिक्षण पायी भटकंतीतच झालं.

उतारवयातही ते तरुणांना सोबत घेऊन गड चढत. त्यांच्या लेखी गड म्हणजे नुसते तट-बुरूज नव्हते, तिथली माणसंही होती. मुंबई सोडून राजमाचीवर राहायला आलेला ‘माचीवरला बुधा’ त्यातूनच साकारला. ‘स्मरणगाथा’ला १९७६ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

१ जून १९९८ रोजी गोनीदा गेले. राजमाचीवर उधेवाडी आजही नांदते आहे. सेल्फीआधी तिथल्या माणसांशी दोन शब्द बोला.