गाडी चालवता न येणाऱ्या माणसाने पार्किंगच्या पैशांवर समुद्रकिनारा चालवून दाखवला

४ ऑगस्ट १९२९. न्यूयॉर्क शहरापासून साधारण ५० किलोमीटरवर, लाँग आयलंडच्या दक्षिण काठावर एक सार्वजनिक समुद्रकिनारा लोकांसाठी खुला झाला. त्याचं नाव जोन्स बीच. रुंद, स्वच्छ वाळू, कपडे बदलायला राजवाड्यासारख्या दगडी इमारती, पोहण्याचे तलाव आणि या सगळ्याच्या मागे गाड्या लावायला भलीमोठी मैदानं. वाळूवर बसायला तिकीट नाही, पण गाडी लावायची तर पैसे मोजायचे.

आज जगभरात अनेक किनारे आणि उद्यानं याच पद्धतीने चालवली जातात. ही पद्धत इतक्या मोठ्या प्रमाणावर राबवून दाखवणारे गृहस्थ होते रॉबर्ट मोझेस. न्यूयॉर्कमध्ये आजही त्यांचं नाव निघालं की एक जण कौतुक करतो आणि दुसरा कपाळाला आठ्या घालतो. असं का, हे समजून घ्यायचं तर पार्किंगच्या पैशांचा माग काढत जावं लागतं.

कोण होते रॉबर्ट मोझेस?

मोझेस यांचा जन्म १८ डिसेंबर १८८८ चा, कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनचा. घर सुखवस्तू. शिक्षण येल आणि ऑक्सफर्डला, मग कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय ब्रिटिश सरकारी नोकरशाही. सरकारी कारभार गुणवत्तेवर चालावा, वशिल्यावर नाही, असं मानणारा हा तरुण न्यूयॉर्क शहराच्या कारभारात सुधारणा करायला गेला आणि तिथल्या राजकारण्यांपुढे सपशेल हरला.

या पराभवातून त्यांनी घेतलेला धडा पुढे आयुष्यभर दिसतो. नुसत्या चांगल्या कल्पनेला कोणी विचारत नाही, त्यासाठी हातात सत्ता लागते. ती सत्ता त्यांना मिळाली गव्हर्नर अल स्मिथ यांच्यामुळे. कायद्याचा मसुदा लिहिण्यात मोझेस यांचा हात धरणारा कोणी नव्हता. १९२४ साली राज्यातल्या मतदारांनी उद्यानांसाठी दीड कोटी डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली आणि त्याच वर्षी मोझेस लाँग आयलंडच्या उद्यान आयोगाचे अध्यक्ष झाले. त्या आयोगाचा कायदाही त्यांनी स्वतःच लिहिला होता.

वाळूचा पट्टा ते जोन्स बीच

त्या काळी न्यूयॉर्ककरांना समुद्र हवा असेल तर हक्काची जागा म्हणजे कोनी आयलंड. पाच सेंट देऊन सबवेत बसायचं आणि थेट किनाऱ्यावर उतरायचं. पण रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. लाँग आयलंडवर किनारे भरपूर होते, पण बरेचसे श्रीमंतांच्या बंगल्यांनी आणि स्थानिक गावांनी अडवलेले.

मोझेस यांची नजर गेली समुद्रातल्या एका अरुंद वाळूच्या बेटावर. तिथे होडीशिवाय जाता येत नव्हतं. बेट इतकं सखल की वादळात लाटा वरून वाहायच्या. जमीन होती हेम्पस्टेड गावाच्या ताब्यात. गावकऱ्यांनी १९२५ च्या मतदानात जमीन द्यायला नकार दिला. मोझेस यांनी स्थानिक राजकीय पुढाऱ्याशी जुळवून घेतलं आणि पुढच्याच वर्षी कौल उलटा लागला. ज्या राजकारणाचा त्यांना तिटकारा होता, ते आता त्यांना छान जमू लागलं होतं.

मग खाडीतली वाळू उपसून बेटाची उंची वाढवण्यात आली. उपसलेली वाळू वाऱ्याने उडू लागली, तेव्हा मजुरांनी हाताने एकेक रोप लावून वाळूत तग धरणारं गवत वाढवलं. खाडीवरून थेट बेटावर जाणारा रस्ता झाला. व्हेनिसच्या घंटाघरासारखा दिसणारा पाण्याचा टॉवर उभा राहिला.

सगळा थाट जहाजाचा. कचऱ्याचे डबे जहाजाच्या धुराड्यासारखे, कर्मचाऱ्यांचे कपडे खलाशांसारखे. जत्रेतले पाळणे नाहीत, आरडाओरडा करणारे फेरीवाले नाहीत. सर्वसामान्य माणसाला सरकारी जागेत इतका टापटीपपणा पाहायची सवय नव्हती.

पार्किंगचेच पैसे का?

किनारा बांधायला एकदाच पैसा लागतो, तो रोखे काढून उभा करता येतो. पण किनारा सांभाळायला पैसा रोज लागतो. वाळू साफ करायची, जीवरक्षक ठेवायचे, स्वच्छतागृहं धुवायची, वादळाने नेलेली वाळू परत आणायची. हा खर्च कोणाच्याही डोळ्यांत भरत नाही, म्हणून अंदाजपत्रकात कात्री पहिली त्याच्यावरच चालते. उद्घाटनाची फीत कापायला सगळे येतात, नळ दुरुस्त करायला कोणी येत नाही.

अशा वेळी पार्किंगचं शुल्क सोयीचं पडतं, त्याला काही साधी कारणं आहेत. कित्येक किलोमीटर लांब किनाऱ्याला कुंपण घालून तिकीट लावणं अवघड आणि लोकांच्या मनालाही ते पटत नाही. समुद्र कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न लगेच उभा राहतो. पण गाडी ठरावीक ठिकाणीच लावावी लागते, म्हणून वसुलीला चार माणसं पुरतात. शिवाय गर्दी आणि डांबरी मैदानं यांचा खर्च मुळात गाड्यांमुळेच वाढतो. आणि बाहेरगावाहून येणारा माणूस, जो इथे कर भरत नाही, तोही देखभालीला हातभार लावतो.

जोन्स बीचवर तर भूगोलच मोझेस यांच्या बाजूने होता. बेटावर जायला रस्ते मोजके आणि तेही त्यांच्याच आयोगाचे. पार्किंग, रस्त्याचा टोल, लॉकर, पोहण्याचे तलाव आणि उपाहारगृहं, असे उत्पन्नाचे झरे त्यांनी एकाच ठिकाणी आणले.

या पद्धतीची कमजोर बाजूही आहे. पावसाळी रविवारी गल्ला रिकामा राहतो, जीवरक्षकाचा पगार मात्र द्यावाच लागतो. आणि जमा झालेले पैसे सरकारच्या सामायिक तिजोरीत गेले, तर ते किनाऱ्यावर परत येतील याची खात्री नसते. हा पैसा राखून ठेवणारी वेगळी व्यवस्था हवी. मोझेस यांनी नेमकी तीच व्यवस्था हेरली आणि तिथूनच त्यांच्या आयुष्याला वेगळं वळण लागलं.

स्वतःची तिजोरी असलेला अधिकारी

१९३३ साली मंदी ऐन भरात होती. राज्याकडे पैसा नव्हता. तेव्हा जोन्स बीचच्या रस्त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झालं. प्राधिकरण म्हणजे अशी सरकारी संस्था जी स्वतः रोखे काढते, स्वतः वसुली करते आणि त्या वसुलीतून कर्ज फेडते. त्यासाठी दरवर्षी विधिमंडळापुढे हात पसरावा लागत नाही.

हेच सूत्र त्यांनी पुढे ट्रायबरो पुलाला लावलं. १९३६ साली खुल्या झालेल्या या पुलाचा टोल होता २५ सेंट. गाड्या अपेक्षेपेक्षा जास्त आल्या. कर्ज फिटलं की असं प्राधिकरण बरखास्त व्हावं, ही मूळ कल्पना. मोझेस यांनी कायद्यात बदल करून घेतला. जुने रोखे फेडायला नवे रोखे काढता येतील अशी सोय झाली, म्हणजे संस्थेला मरण नाही. रोखे हा करार आणि अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार राज्याला करार मोडता येत नाही. त्यामुळे महापौर असोत की गव्हर्नर, कोणालाही त्यांना हात लावणं अवघड झालं.

१९३४ साली ते गव्हर्नरपदाची निवडणूक लढले आणि मोठ्या फरकाने पडले. लोकांनी त्यांना कधीच निवडून दिलं नाही, तरी एका वेळी डझनभर पदं त्यांच्याकडे होती. उद्यानं, पूल, द्रुतगती मार्ग, हजारो घरं. आणि त्यासाठी पाडलेल्या वस्त्याही.

ज्यांच्याकडे गाडी नव्हती, त्यांचं काय?

जोन्स बीच सार्वजनिक होता, पण पोचायचं कसं? शहरातल्या गरीब कुटुंबांकडे गाडी नव्हती. मोझेस यांच्या उद्यानमार्गांवर बसला बंदी होती. चरित्रकार रॉबर्ट कॅरो यांनी १९७४ च्या ‘द पॉवर ब्रोकर’ या ग्रंथात लिहिलं की रेल्वे किनाऱ्यापर्यंत नेण्यालाही त्यांनी विरोध केला आणि बस जाऊच नयेत म्हणून मार्गावरचे पूल मुद्दाम ठेंगणे बांधले. कृष्णवर्णीयांच्या सहलींच्या बसना परवाने मिळणं कठीण केलं जाई, असंही कॅरो सांगतात. पुलांच्या उंचीमागच्या हेतूबद्दल नंतरच्या अभ्यासकांनी शंका घेतली आहे. अशा मार्गांवर व्यापारी वाहनांना तशीही मनाई असायची, हा त्यांचा मुद्दा.

हेतू काहीही असो, परिणाम दिसत होता. ज्याच्या खिशातून किनारा चालतो, त्याच्यासाठीच तो हळूहळू घडत जातो. उत्पन्न गाड्यांमधून येत असेल, तर व्यवस्थापनाला पार्किंगचं मैदान वाढवायची घाई असते आणि बसथांब्याची आठवण सगळ्यात शेवटी होते. वाळूवर तिकीट नव्हतं, पण गाडी हेच तिकीट झालं होतं. गंमत म्हणजे मोझेस स्वतः गाडी चालवायला कधीच शिकले नाहीत. त्यांना ने-आण करायला चालक असे.

तिजोरीची किल्ली फिरली

१९६० च्या दशकात गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांच्याशी मोझेस यांचं बिनसलं. राजीनाम्याची धमकी देऊन काम साधायची त्यांची जुनी सवय होती. या वेळी राजीनामा स्वीकारला गेला. १९६८ साली ट्रायबरो प्राधिकरण राज्याच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेत विलीन झालं. तेव्हापासून पुलांवरच्या टोलची शिल्लक सबवे आणि बससाठी वापरली जाऊ लागली. गाडीवाल्यांचे पैसे गाडी नसलेल्यांच्या प्रवासाला लागले. यंत्रणा मोझेस यांचीच होती, फक्त पैसा कुठे जाणार हे ठरवणारा हात बदलला.

२९ जुलै १९८१ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी मोझेस यांचं लाँग आयलंडवर निधन झालं. जवळच्याच फायर आयलंडवर त्यांच्या नावाचं उद्यान आहे.

जोन्स बीचवर आजही हंगामात गाडीमागे शुल्क घेतलं जातं आणि उन्हाळ्यात रेल्वे स्थानकावरून किनाऱ्यापर्यंत बस जाते. वाळू अजून रुंद आहे, टॉवर लांबून दिसतो. पार्किंगच्या पैशांवर सार्वजनिक किनारा चांगला ठेवता येतो, हे मोझेस यांनी दाखवून दिलं. त्या पैशाचा हिशेब कोण मागणार आणि गाडी नसलेला माणूस तिथे कसा पोचणार, या दोन प्रश्नांची उत्तरं मात्र न्यूयॉर्कला त्यांच्याशिवाय शोधावी लागली.