छायाप्रकाशाचे उपासक

येवल्याची पैठणी तुम्ही पाहिली असेल. तिचा तांबडा काठ, निळा पदर आणि त्यावरील जरीचे मोर पाहून डोळे तृप्त होतात. पण हे सारे रंग नाहीसे होऊन केवळ काळे व पांढरे एवढेच उरले, तर तिचे सौंदर्य टिकेल काय? टिकेल, मात्र ते दाखविणारी दृष्टी हवी. अशी दृष्टी नाशिक जिल्ह्यातीलच एका पुरुषाला लाभली होती. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण व मुद्रण या विद्या हस्तगत केल्या. चाळिशीच्या सुमारास त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला. आपले राम-कृष्णही असेच पडद्यावर अवतरावेत, या ध्यासाने ते झपाटून गेले. रात्रंदिवस चित्रपट पाहण्याचा आणि अभ्यासाचा ताण त्यांच्या डोळ्यांना सोसवला नाही. काही काळ त्यांची दृष्टीच गेली! ज्याला प्रकाशाने चित्र काढायचे, त्याच्याच पुढे अंधार पसरला. सुदैवाने उपचारांनी दृष्टी परत आली. दुसरा कोणी असता तर त्याने हा नाद सोडला असता. दादासाहेबांनी मात्र आपल्या विम्याच्या आधारावर पैसा उभा केला आणि १९१२ साली ते इंग्लंडला गेले. तेथून ते नवी विद्या आणि कॅमेरा घेऊन परतले.

कुंडीत पेरलेल्या बीजाला अंकुर फुटून त्याचे रोप कसे होते, हे त्यांनी थोडे थोडे टिपून पडद्यावर दाखविले. ते पाहून भांडवल देणारे पुढे आले. सरस्वतीबाईंनीही आपले दागिने दिले.

त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. तांबडे कुंकू पडद्यावर काळे उमटे, तर निळे आकाश पांढरे दिसे. म्हणून प्रत्येक रंगाचे उजेडात आणि सावलीत काय होईल, हे आधीच ओळखावे लागे. सूर्य हाच त्यांचा दिवा. सरस्वतीबाई उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत आणि तिच्यावरून परतलेला उजेड नटांच्या मुखावर पडे. दिवसा त्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत व रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला छिद्रे पाडीत.

अखेर ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. स्त्रिया चित्रपटात काम करण्यास धजत नसल्यामुळे तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती. त्याच वर्षी दादासाहेबांनी आपला व्याप नाशिकला हलविला. तेथे ‘लंकादहन’, ‘कालियामर्दन’ असे अनेक मूकपट तयार झाले.

पुढे बोलपट आले आणि मूकपटांचे दिवस सरले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे दादासाहेबांचे निधन झाले. १९६९ पासून भारत सरकार त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार देते.

१९१९ सालच्या ‘कालियामर्दना’चा बराचसा भाग आजही पाहावयास मिळतो. त्यात दादासाहेबांची लहानगी कन्या मंदाकिनी श्रीकृष्ण झाली आहे. आरंभीच तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक भाव उमटतात. तेथे ना रंग आहे, ना आवाज. तरीही तिचे हसू आणि तिचा राग आपल्याला लगेच कळतो. एकदा दृष्टी गमावून बसलेल्या पित्याने केवळ ऊन आणि सावली यांच्या साहाय्याने ते आपल्यासाठी जपून ठेवले आहेत.