जॉन ड्यूई : अनुभव आणि विचार

‘कृतीतून शिक्षण’ हा शब्दप्रयोग तुमच्या परिचयाचा आहे. परंतु केवळ हात चालले म्हणजे शिक्षण घडले, असे म्हणता येईल का? या प्रश्नाचा आयुष्यभर शोध घेणाऱ्या तत्त्वज्ञाचा परिचय आपण येथे करून घेणार आहोत.

जॉन ड्यूई यांचा जन्म २० ऑक्टोबर १८५९ रोजी अमेरिकेतील बर्लिंग्टन येथे झाला. १८८४ मध्ये त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढे शिकागो विद्यापीठात असताना १८९६ मध्ये त्यांनी एक प्रायोगिक शाळा सुरू केली. तेथे मुले स्वयंपाक, सुतारकाम, विणकाम करीत. कापसातील सरकी हाताने वेगळी करताना किती वेळ जातो हे उमगले, की लोकरीच्या तुलनेत सुती कापड मागे का राहिले, हा इतिहासाचा प्रश्न मुलांपुढे उभा राही. येथे कृती हे साध्य नसून विचाराचे निमित्त आहे, हे तुम्ही लक्षात घ्या.

१९०४ हे वर्ष मात्र कसोटीचे ठरले. शाळेच्या मुख्याध्यापिका असलेल्या पत्नी ॲलिस यांच्या पदावरून विद्यापीठाशी मतभेद झाले आणि दोघांनीही राजीनामे दिले. त्याच वर्षी युरोपच्या प्रवासात त्यांचा मुलगा गॉर्डन विषमज्वराने दगावला. मॉरिस हा दुसरा मुलगा १८९५ मध्येच इटलीत वारला होता.

त्यानंतर ड्यूई कोलंबिया विद्यापीठात रुजू झाले. अडचण जाणवल्याशिवाय खरा विचार सुरू होत नाही, अशी मांडणी त्यांनी १९१० च्या ‘हाऊ वी थिंक’ या ग्रंथात केली. अडचण नेमकी ओळखणे, उपाय सुचणे, त्याचे परिणाम तर्काने ताडणे आणि प्रत्यक्ष पडताळा घेणे, हे तिच्या पुढचे टप्पे होत. १९३४ च्या ‘आर्ट ॲज एक्सपीरिअन्स’मध्ये त्यांनी कलेलाही संग्रहालयाबाहेर आणले. रोजचा अनुभव पूर्णत्वाला पोहोचला, की त्यातूनच कला आकाराला येते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

१९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात शिकणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे त्यांचे विद्यार्थी. लोकशाही ही केवळ शासनपद्धती नसून सहजीवनाची रीत आहे, हा विचार तुम्हांला दोघांच्याही लेखनात आढळेल. १ जून १९५२ रोजी ड्यूई यांचे निधन झाले. त्यानंतर चारच दिवसांनी त्याच विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय डॉक्टरेट प्रदान केली. गुरुशिष्यांची भेट राहून गेली.

विचार करा : तुमच्या शालेय जीवनातील एखादी कृती आठवा. तिने तुमच्यापुढे कोणता प्रश्न उभा केला? प्रश्न उभा राहिला नसेल, तर ड्यूई तिला शिक्षण म्हणतील का?