रेव्हरंड नारायण वामन टिळक

फुलांवर, पांखरांवर आणि मुलांवर जीव लावणारे कवि म्हणून रेव्हरंड टिळक आमच्या बालवाचकांस परिचित आहेतच. त्या कवितेमागें एक दीर्घ शोध होता. त्याची कथा येथें थोडक्यांत सांगावी असें आम्हीं योजिलें आहे.

त्यांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें चित्पावन ब्राह्मण कुटुंबांत झाला. वडील कडक, आई भाविक. परंतु मातृसुख त्यांस फार दिवस लाभलें नाहीं. पुढें विद्वत्ता आली, वक्तृत्व आलें, पण मनास स्वास्थ्य नव्हतें. जातिभेदानें दुभंगलेल्या देशास एकत्र बांधील असा नवा धर्म आपणच स्थापावा, असेंही त्यांच्या मनांत येई.

१८९३ सालीं राजनांदगांवास जात असतां आगगाडींत एका अनोळखी युरोपियन प्रवाशानें त्यांस नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन जिंकलें. ज्या धर्माची रचना ते स्वबुद्धीनें करूं पाहत होते, तो जणूं दान म्हणूनच त्यांच्या हातीं आला. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

या पावलाची किंमत घरानें मोजली. पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. पतिपत्नींची कित्येक वर्षें ताटातूट झाली. पुढें त्या नगरास पतीकडे आल्या, त्याही आपलें सोंवळें संभाळून. टिळकांनीं त्यांस सक्ति केली नाहीं. तारण पुण्याईनें विकत मिळत नाहीं, तें देवाच्या कृपेचें दान आहे, अशी त्यांची श्रद्धा. मग जें दान आहे तें बळानें कोणाच्या पदरीं कसें बांधावें? १९०० सालीं लक्ष्मीबाई स्वेच्छेनें ख्रिस्ती झाल्या.

ख्रिस्तावांचून आपणांस तारणारा दुसरा नाहीं, याविषयीं टिळकांस शंका नव्हती. तरीही तुकोबांस त्यांनीं परकें मानिलें नाहीं. उलट त्यांच्याच अभंगांच्या वाटेनें आपण ख्रिस्ताजवळ पोंचलों, असें ते मानीत. १९०४ सालीं त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली. त्यांचीं भजनें व अभंग मराठी ख्रिस्ती उपासनेंत रुजले. १९१७ सालीं मिशनचा पगार सोडून त्यांनीं देवाचा दरबार स्थापिला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांसही स्थान होतें.

येथें विचारी वाचकास प्रश्न पडेल: दार असें मोकळें ठेविलें, तर बाप्तिस्म्याचें महत्त्व तें काय राहिलें? प्रश्न सोपा नाहीं, आणि ख्रिस्ती मंडळींत यावर आजही एकमत नाहीं. आम्हांस इतकेंच दिसतें कीं, टिळकांनीं स्वतः बाप्तिस्म्यासाठीं सर्वस्व पणास लाविलें होतें; त्याचें मोल ते जाणून होते. मात्र देवाच्या कृपेची सीमा आंखण्याचा अधिकार त्यांनीं आपल्याकडे घेतला नाहीं.

९ मे १९१९ रोजीं मुंबईस ते निवर्तले. 'ख्रिस्तायन' हें महाकाव्य अपुरें राहिलें. एके काळीं धर्मांतरामुळें त्यांस दुरावलेल्या लक्ष्मीबाईंनींच तें पुढें नेलें.

आपल्या वर्गांत नाना धर्मांचीं मुलें एका बांकावर बसतात. आपल्या श्रद्धेंत दृढ असावें, आणि शेजाऱ्याच्या श्रद्धेस हिणवूं नये: हा टिळकांच्या चरित्राचा धडा त्यांनीं मनीं धरावा, एवढीच आमची विनंति आहे.